काचा चढवून

बूढ़ापारा मोहल्ल्यात आमच्या घरासमोर एक कारागीर गाड्यांच्या दारांत आवाज अडवणाऱ्या काळ्या शीट चिकटवायचा. काम झालं की काचा चढवून आत बसायचा आणि जीव खाऊन ओरडायचा. मग उतरून मला विचारायचा, "दीदी, काही आयकू आलं?" मी मान हलवून नाही म्हणायचे.

माझी नणंद माझ्या भाजीत गुपचूप मीठ टाकायची. घरात ते सांगायची माझी हिंमत नव्हती. एक दिवस मी त्याला म्हटलं, "भैया, मी बसून पाहू?" आत बसून मी सगळं ओरडून घेतलं.

उतरले तेव्हा तो हात पुसत होता.

"एक शब्द बाहेर नाही आला, दीदी," तो म्हणाला. "पण मिठाचा डबा लपवून ठेवत जा."

दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच गाडीला आणखी एक थर लावला आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.