आबांचा करदोडा

दर वर्षी कमरेचा करदोडा बदलायची वेळ आली की माय आधीच्यापेक्षा बोटभर लांब दोरा आणायची, आणि आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, त्याचाच अभिमान! भडगावात कुणी ढेरीबद्दल छेडलं की ते पोट थोपटून म्हणायचे, "ही बठ्ठी पोऱ्यानी मायनी करनी शे!" म्हणजे सगळी मायच्याच हातची करणी. वांग्याच्या भरताला सुटलेलं तेल तर ते भाकरीने पुसून खायचे.

मग गिरणेकाठचा साधा चढ चढताना आबांना धाप लागू लागली. माझ्या बायकोला सातवा महिना होता. मी घाबरलो आणि त्यांना धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी मूठ आवळून उघडली. "हृदय नुसतं आवळत नाही, आबा, सैलही पडतं. सैल पडलं तरच रक्ताने भरतं. पोटात आतड्यांभोवती साचलेली ही चरबी रक्तदाब वाढवते. त्याच्याशी झुंजून हृदय ताठ झालंय." या वेळी त्यांनी मूठ अर्धीच उघडली. "नातवंडाला खेळवायचंय ना?"

आबा परतीच्या एसटीत स्वतःची मूठ उघडून बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या, पहाटेची चाल, आणि ताटातली शेव बंद. पहिले काही दिवस ते असे चिडले की घरात कुणी त्यांच्या वाटेला जाईना.

आणि दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी न्हाणीतून हाक आली. आबा पंचा सावरत उभे, आणि करदोडा घसरून पायात! माय किंचाळली, "गया वं माय, करदोडा गया! पुरुषनी कमर मोकळी ऱ्हावाले नको!" तिला अपशकुन दिसत होता. मी मात्र सामना जिंकल्यासारखा अंगणभर नाचलो. करदोडा गेला नव्हता, ढेरी गेली होती!

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मशीनवर हृदय पाहिलं आणि ते हसले. "आधीपेक्षा बरं उघडतंय."

मुलाच्या बारशाला मायने बाजारातून आबांसाठी नवा करदोडा आणला, सवयीने जुन्याच मापाचा. आबांच्या कमरेला बांधून भलामोठा तुकडा उरला. तिने तो कापला आणि बाळाच्या कमरेभोवती धरला. बरोब्बर पुरला!

माय गाठ आवळू लागली तसे आबा ओरडले, "सैल बांध वं, सैल!" आणि धाप न लागता त्यांनी नातवाला उचलून घेतलं.