हाऊ डू यू डू, नवरदेव?

माझी ही फजिती आत्यानं अर्ध्या नागभीडला सांगून झाली आहे. तेव्हा उरलेल्या अर्ध्याला मीच सांगते. निदान माझ्या बाजूनं बोलणारं कोणीतरी हवं ना? चहा घ्या आणि ऐका.

मी नागपूरहून बी. ए. होऊन नुकतीच घरी आले होते. इंग्रजीचा पेपर लिहायला सांगा, पुरवण्यांवर पुरवण्या लावीन. पण समोरच्या जिवंत माणसाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, तर जीभ टाळूला चिकटायची आणि तळहात असे गार पडायचे की विचारू नका. चांद्याकडे मुलींची नवी शाळा निघाली होती, तिथे मास्तरणीच्या जागेसाठी मी अर्ज केला होता. ती जागा मिळाली नाही तर बाबा मला दिवाळीनंतर उजवून टाकणार, हे ठरलेलंच. तीन ठिकाणचे पाहुणे बघून गेले होते. चौथे कुठल्या झुडपात दबा धरून बसलेत, कोण जाणे.

म्हणून मी संभाषणाचं एक पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं : नजर खाली घालू नका, हात पुढे करा, किंचित हसा, आवाज पोटातून काढा. पंधरा दिवस मी तलावाच्या पाळीवर सराव केला. श्रोते म्हणाल तर जाळं टाकणारे महादूभाऊ ढीवर, एवढेच. मी त्यांना ‘हाऊ डू यू डू’ म्हणायची आणि दुसऱ्या ‘डू’वर आवाज फाटायचा.

शेवटी ते म्हणाले, “बाई, मले तं काई समजत नाई. पन तुमी इतक्या भेऊन भेऊन काऊन बोलता? मी का वाघ हाव?”

अशात एका दुपारी बाबा स्टेशनावरून धापा टाकत आले. ते मालधक्क्यावर बाबू होते.

“सुमे, तीन मानसं आले. त्यायले गाडी बदलाची हाय, मधात दोन घंटे हायत. तुले पाहाले येऊन राह्यले. नीट बोलजो.”

“कोण आहेत ते मला कळलं.”

“अवं, ऐक तं, ते—”

“मला काही ऐकायचं नाही, बाबा.” मी खोलीचं दार लावून घेतलं. मोठ्या माणसांचं अर्धं वाक्य ऐकलं की पुढचं अर्धं आपल्याला आपोआप कळतं, असा तेव्हा माझा समज होता.

आत्या हिरवं लुगडं घेऊन आली. “आता तरी मान खाली घालून बस, माय.”

मान खाली? मनात म्हटलं, थांबा. इंग्रजी फाडणारी, हात मिळवणारी मुलगी कोणाला सून म्हणून हवी असते? पहिल्या मिनिटात पळतील.

बैठकीत तिघं होते. टोपीवाले एक वकीलसाहेब, चष्म्याच्या एक मोठ्या बाई, आणि सरळ भांग पाडलेला, बारीक मिशीचा एक तरुण. हाच तो. मी सरळ त्याच्यासमोर गेले, हात पुढे केला आणि पोटातून आवाज काढला, “गुड आफ्टरनून. हाऊ डू यू डू?”

आवाज फाटला नाही. हातही गार नव्हता. गार होता तो त्याचाच.

“वा,” वकीलसाहेब म्हणाले.

बाईंनी विचारलं, “शिवण येतं?”

“नाही. शिवणाला दुसरी बाई ठेवा.”

“ठेवणारच आहोत.” पैसेवाले दिसतात, मी मनात म्हटलं.

“गाता येतं?”

“मी गाणार नाही. मी बोलणार.”

“असंच पाहिजे,” वकीलसाहेब मांडीवर हात मारून म्हणाले. आता मात्र मला घाम फुटला. काहीही करा, ही माणसं मला पसंतच करत होती.

मग बाईंनी मायेनं विचारलं, “लहान मुलींमध्ये मन रमेल ना तुमचं?”

म्हणजे बिजवर. दाराआड उभ्या आत्यानं डोळ्यांना पदर लावला.

“किती आहेत?” मी त्या तरुणालाच विचारलं.

तो लाजून हसला. “सध्या बावीस. दिवाळीनंतर तिशी गाठू.”

बावीस? मी त्याच्याकडे पाहिलं. हा स्वतःच तिशीचा नव्हता.

“आणि वर हसता?” मी ताडकन उभी राहिले. “अशा माणसाशी मी मेले तरी लग्न करणार नाही. आय रिग्रेट.”

त्याच्या हातातली पोह्यांची बशी खाली पडली. “साहेब,” तो वकीलसाहेबांना तक्रार केल्यासारखं म्हणाला, “माझं लग्न झालंय.”

बाबांनी कपाळाला हात लावला. “शाळेची कमिटी हाय वं ते. हे चिटनीस हायत. तेच तं सांगत होतो तुले.”

बाई भल्या होत्या. हसू दाबून म्हणाल्या, “असू दे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. गुड आफ्टरनून.”

आणि मी? तळहात गार. पुस्तकातला एक शब्द आठवेना. ज्यांच्यासाठी पंधरा दिवस तलावाचे मासे घाबरवले, ती माणसं समोर बसलेली आणि माझ्या घशातून नुसती हवा. वकीलसाहेबांनी घड्याळ काढलं. गाडीची वेळ होत आली होती.

“मघाची मुलगी कुठी गेली?” ते म्हणाले. “आम्हाले ती पाहिजे होती.”

माझ्याकडे एकदा बघून बाबा हळूच म्हणाले, “वकीलसाहेब, तुमी पोरासाठी पोरगी पाहाले आलो असं म्हना. मंग पाहा.”

वकीलसाहेबांनी चिटणिसांकडे पाहिलं. चिटणीस बिचारे खुर्ची दोन हात मागे ओढून बसले आणि मिशी पुसून म्हणाले, “आमच्या घरच्या बायका परक्यांशी बोलत नाहीत.”

“आय बेग युअर पार्डन?” मी म्हणाले, ती गाडीची शिट्टी होईपर्यंत थांबले नाही.

नोकरी मिळाली. आता मी तिथे मोठ्या मुलींना इंग्रजी संभाषण शिकवते. “बाई, अनोळखी माणसाशी न घाबरता कसं बोलायचं?” असं त्या विचारतात, आणि मी गडबडीनं पुस्तकाचं पान उलटते. मला एकच उपाय माहीत आहे, आणि तो चिटणिसांच्या शाळेत सांगण्यासारखा नाही.