कासवाच्या पोटावरचा कौल

शरयूबाई गुरव पहिल्या खेपेला नापास झाल्या त्या एका शब्दापायी. अठ्ठावीस वर्षं चिपळूणच्या शाळेत इतिहास शिकवला, शेकड्यांनी पोरं पास-नापास केली, आणि सदुसष्टाव्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका म्युझियममध्ये स्वतःवर ही पाळी! दुसरी कोणी असती तर घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडली असती. शरयूबाईंनी घरी येऊन कुकर लावला, आमटीला फोडणी दिली आणि मग सिंकपाशी उभं राहून, नळ सोडून, थोडा वेळ रडून घेतलं. लेकीला वाटलं, आई भांडी घासतेय.

त्या म्युझियममध्ये बिनपगारी गाइड असतात, डोसन्ट म्हणतात त्यांना. वर्षभर दर शनिवारी वर्ग, ढीगभर वाचन, आणि शेवटी परीक्षा; पास झालात तर डोसन्टचा बॅज. एका वस्तूपाशी उभं राहून पाहुण्यांना तिची गोष्ट सांगायची, तीही पंधरा मिनिटांत. पंधराच्या वर गेलात की नापास, मग तुम्ही साक्षात सरस्वती असा. संधी दोनच, तिसरी नाही.

आता म्हणाल, एवढं काय त्या बॅजला सोनं लागलंय? तर ऐका. नवरा गेल्यावर शरयूबाई लेकीकडे क्युपर्टिनोला आल्या त्याला अकरा वर्षं झाली. ज्ञानदा आणि जावई दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, नात केया तेव्हा रांगत होती. तिला भरवलं, झोपवलं, पार्कात नेलं, चार श्लोक पाठ करून घेतले. आता केया बाराची झाली आणि तिला आजी लागते ती चार्जर कुठे आहे ते सांगायला. घरात कुणी वाईट वागत नव्हतं हो, असं घर सगळ्यांना मिळो. पण अकरा वर्षांत या देशात शरयूबाईंना कुणी विचारलेला सगळ्यांत मोठा प्रश्न म्हणजे, "आई, आज भाजी काय?" साठ-साठ पोरं गप्प बसवून जिनं पानिपत सांगितलं, तिला हे कसं पुरावं? पुन्हा एकदा चार माणसांपुढे उभं राहून बोलायचं होतं त्यांना. बाकी काही नको होतं.

परीक्षेसाठी बाकीच्यांनी आपापल्या देखण्या वस्तू धरल्या, कुणी काशाचा हंडा, कुणी हिरव्या दगडाचा दागिना. शरयूबाईंनी धरलं कासवाचं पोटाकडचं कवच. तेही खरं नाही, नक्कल. ट्रेनिंगची प्रमुख ग्रेस लिऊ, जिच्या आजोबांपासून सगळे कॅलिफोर्नियात जन्मले, ती म्हणालीसुद्धा, "अजून विचार करा. लोक तिथे थांबतच नाहीत."

लोकांचं सोडा. शरयूबाई त्या काचेपुढे पहिल्यांदा आल्या तेव्हा हलेचनात. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये शांग घराण्याचे राजे होते. राजाला काही विचारायचं असलं, पाऊस पडेल का, स्वारीवर निघू का, दाढ दुखतेय ती कुठल्या पूर्वजाच्या रागानं, की कासवाचं कवच आणायचे, मागून त्याला खळगे पाडायचे आणि तिथे डागायचे. कवचाला पुढून तडे जायचे. तडा बघून राजा सांगायचा, शुभ की अशुभ. मग प्रश्न, उत्तर आणि कधीकधी पुढे खरंच काय घडलं तेही त्याच कवचावर कोरून ठेवायचे. राज्य बुडालं, कवचं मातीत गेली. कैक शतकांनी ती शेतांतून वर यायला लागली तेव्हा लोक म्हणाले, ही ड्रॅगनची हाडं, आणि औषधवाल्यांनी ती कुटून विकली! सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे, ही तर अक्षरं आहेत. तोवर किती इतिहास तापावरचा काढा म्हणून पोटात गेला, कोण जाणे. पुढे आनयांगला खणायला घेतलं, कवचांनी भरलेले खड्डेच्या खड्डे निघाले, आणि शांग राजे म्हणजे नुसती दंतकथा म्हणणाऱ्या पंडितांची तोंडं बंद झाली.

हे झालं पुस्तकातलं. शरयूबाईंना पुस्तकाबाहेरचंही थोडं ठाऊक होतं. त्यांचं माहेरही गुरवांचंच; वडील जगन्नाथ गुरव कणकवलीजवळच्या एका गावात रवळनाथाची पूजा करत. गावात कुणाला काही ठरवायचं झालं, विहीर कुठे खणू, मुलीला हे स्थळ देऊ का, की देवाला कौल लावायचा. देवाच्या ओल्या पाषाणावर दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तेव्हा कवचाचं सगळं प्रकरण वाचून झाल्यावर शरयूबाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "म्हणजे राजा कौल लावायचा की! एवढंच ना?"

आणि नेमकी तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. परीक्षेच्या दिवशी त्यांनी ठणठणीत आवाजात सुरुवात केली, "द किंग इज टेकिंग कौल फ्रॉम हिज अ‍ॅन्सेस्टर्स." लोकांनी ऐकलं, कॉल. टोपीवाले एक आजोबा म्हणाले, "एरिया कोड काय होता हो?" सगळे हसले. शरयूबाई म्हणाल्या, "नॉट कॉल. कौल!" आजोबा म्हणाले, "मी तेच म्हणतोय, कॉल." एक बाई तर हात जोडून, "पूर्वजांना फोन! काय सुंदर कल्पना आहे तुमची." झालं, आता मास्तरीणबाई पेटल्या. पाषाण झाला, पाकळ्या झाल्या, देवाचा उजवा हात कुठला आणि आपला कुठला हे हवेत बोटानं काढून झालं. पंधरा मिनिटं केव्हाच उलटली आणि राजाचं कासव अजून विस्तवाजवळसुद्धा पोचलं नव्हतं.

ग्रेसनं बाजूला घेऊन सांगितलं, अगदी मऊपणानं. "तुम्ही बोलता छान. पण वस्तूबद्दल बोला, तुमच्या गावाबद्दल नको. आणि तो शब्द टाळा. डिव्हिनेशन म्हणा."

घरी ज्ञानदाचंही तेच. "आई, बरोबर सांगतेय ती. सरळ डिव्हिनेशन म्हण ना, कशाला कौल-बिल? आमच्या मीटिंगमध्ये रोज कुणीतरी म्हणतं, लेट्स टेक अ कॉल. ऐकणाऱ्याला तेच वाटणार."

"अगं, तिथेच तर फरक आहे! तुम्ही कॉल घेता म्हणजे तुम्ही ठरवता. आम्ही कौल घेतो म्हणजे ठरवायचं दुसऱ्याच्या गळ्यात घालतो."

"हे पंधरा मिनिटांत बसणारेय का?"

"आजी," केया मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "नोबडी केअर्स अबाउट द टर्टल. इट्स डेड."

तेव्हा शरयूबाईंनी तोंडाला कुलूप घातलं. पोळ्या लाटताना डिव्हिनेशन, कपड्यांच्या घड्या घालताना डिव्हिनेशन. बिनमिठाच्या पिठल्यासारखा शब्द, पण बसवला जिभेवर. गाव नाही, देऊळ नाही, वडील तर नाहीच नाहीत. या खेपेला बॅज हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

दुसऱ्या परीक्षेला ज्ञानदा स्वतः गाडी चालवत घेऊन आली आणि केयालाही उठवून आणलं. पाहुण्यांत सातआठ जण होते. ग्रेस कडेला उभी, हातात फोन, त्यात वेळ लावलेली. दाराच्या वर भिंतीवरचं मोठं घड्याळ होतंच. शरयूबाईंनी पदर खोचल्यासारखं स्वेटरचं टोक ओढलं आणि सुरू झाल्या. काय बोलल्या हो! ड्रॅगनची हाडं आली, औषधवाले आले, आनयांगचे खड्डे आले. डिव्हिनेशन तीनदा म्हणाल्या, एकदाही अडखळल्या नाहीत. मग राणी फू हाओ आली. ही बाई फौजा घेऊन लढाईला जायची. तिची कबर सत्तरच्या दशकात सापडली तीही न लुटलेली, आत काशाची शेकडो भांडी आणि शस्त्रं. अशी ही राणी बाळंत होणार होती आणि राजानं कवच डागून विचारलं, बाळंतपण चांगलं होईल? राजानं तडा वाचला आणि म्हणाला, अमुक दिवशी झालं तर चांगलं, तमुक दिवशी झालं तर फारच शुभ. शरयूबाईंनी काचेवर बोट टेकवून शेवटची ओळ वाचून दाखवली. राणी बाळंत झाली ती भलत्याच दिवशी. चांगलं झालं नाही. मुलगी झाली.

संपलं. घड्याळात अजून मिनिटं शिल्लक होती. आता फक्त रिवाजाप्रमाणे विचारायचं, "एनी क्वेश्चन्स?" लोक मान हलवतात, टाळ्या वाजवतात, सुटलो.

"पण ती स्वतः जनरल होती ना?" मागून आवाज आला, इंग्रजीत. केयाचा! मोबाइल खिशात, भुवया जवळ आलेल्या. "मग मुलगी म्हणजे चांगलं नाही, हे ठरवलं कुणी? टर्टलनं?"

याचं उत्तर वर्गात पाठ करून घेतलेलं होतं. प्राचीन समाज पुरुषप्रधान होता, थँक यू. शरयूबाईंनी ते बोलायला तोंड उघडलंही. पण केया विचारत होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा नात त्यांना चार्जर सोडून काहीतरी विचारत होती.

"कासवानं नाही," त्या म्हणाल्या. "कासवाला नुसता तडा जातो. ठरवतो तो, जो तडा वाचतो."

"तुला काय माहीत?"

शरयूबाईंनी घड्याळाकडे बघितलं. ग्रेसकडे बघितलं. ज्ञानदा मागून हातानं खुणा करत होती, आटप, आटप. बाई गं, आता गप्प बस, असं त्यांनी स्वतःलाच बजावलं, आणि बोलायला लागल्या.

सतराव्या वर्षी त्यांना रत्नागिरीला कॉलेजात जायचं होतं. वडिलांची ना नव्हती. पण थोरले चुलते एकनाथकाका आडवे आले. "गुरवाच्या चेडवाक कॉलेज कित्याक होया? देवाक इचार आधी." आता गुरवानंच कौलाला नाही म्हटलं तर गावात तोंड कुठे दाखवायचं? सगळी भावकी देवळात जमली. वडील गाभाऱ्यात, सतरा वर्षांची शरयू निरांजन धरून उंबऱ्याशी, बाकी सगळे बाहेर. वडिलांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा, माझ्या चेडवाक शिकूक रत्नागिरीक धाडूचा असात, तर उजवो कौल दी. नको असात, तर डावो दी." बाहेरून लोक ओरडले, "होय महाराजा!" हे शरयूबाईंनी म्युझियममध्ये मालवणीतच म्हटलं, पुऱ्या आवाजात, आणि पलीकडच्या दालनातला रखवालदार डोकावून गेला.

"आणि पाकळी पडली," शरयूबाई म्हणाल्या. "डावी."

ज्ञानदाच्या खुणा थांबल्या.

"मी बघितली. निरांजन माझ्याच हातात होतं. लोकांना वडिलांची नुसती पाठ दिसत होती. ते तसेच उभे राहिले जरा वेळ. मग ती पाकळी उचलून मुठीत घेतली, वळले आणि म्हणाले, उजवो दिल्यान. लोक म्हणाले, होय महाराजा, आणि जेवायला गेले. पावसाळ्यात मी रत्नागिरीला होते."

"म्हणजे तो गॉडशी खोटं बोलला?" केयानं विचारलं.

"देवाशी कसं बोलेल? देवानं तर बघितलंच होतं. लोकांशी बोलला." शरयूबाई केयाकडे वळल्या. "माझ्या वडिलांचा त्या देवावर फार विश्वास होता, बाळा. ढोंगी नव्हते ते. जन्मभर दुसऱ्यांचे कौल त्यांनी जसे पडले तसे सांगितले. तेव्हा मुठीत ती पाकळी धरून ते किती घाबरले असतील! त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आणि मी बघितलंय, हे मीही त्यांना कधी सांगितलं नाही."

ज्ञानदा मागच्या मागे डोळे पुसत होती. आई शिकली म्हणून ती शिकली, आणि ते सगळं एका पाकळीवर तोललेलं होतं, हे तिला आज इथे, परक्या लोकांत उभं राहून कळत होतं. टाळ्या जरा उशिरा वाजल्या. एक बाई पुन्हा काचेपाशी गेली आणि वाकून तडे बघत राहिली. केया आजीजवळ येऊन तिचा स्वेटर धरून उभी राहिली, लहानपणी धरायची तसा.

लोक पांगले तेव्हा शरयूबाईंनी घड्याळाकडे मान वर केली. पंधरा मिनिटं कधीचीच उलटून गेली होती. ग्रेसचा फोन मध्येच गुरगुरलेला त्यांनी ऐकला होता, तिनं तो दाबून बंद केलेलाही त्यांनी पाहिला होता. म्हणजे सगळंच संपलं. गावही आलं, देऊळही आलं, वडीलही आले. नापास म्हणवून घ्यायला त्या ताठ उभ्या राहिल्या.

ग्रेस समोर आली. तिनंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं.

"चौदा मिनिटं," ती म्हणाली. "पास."

अर्ध्या मार्कासाठी जन्मभर पोरांशी भांडलेल्या त्या बाईंनी तोंड उघडलं. मग मिटलं. हो म्हणून मान हलवली, बॅज घ्यायला हात पुढे केला आणि आयुष्यात दुसऱ्यांदा, डोळ्यांनी बघूनही, गप्प राहिल्या.