डॉक्टर हर्षला पाण्यात उतरते

आमच्या घरात एक डॉक्टर आहे. तिला सहा सिलिंडरचं इंजिन आहे.

मुरब्याच्या किनाऱ्यावर निळ्या-पांढऱ्या रंगाची बोट दिसली आणि तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लाल अक्षरांत ‘डॉ. हर्षला’ असं लिहिलेलं दिसलं, तर ती आमची. हर्षला म्हणजे मी. डॉक्टर म्हणजे बोट. मी डॉक्टर नाही, होण्याची चिन्हंही नाहीत. बोट मात्र सरकारी कागदांवर डॉक्टर आहे, आणि त्यासाठी तिला कोणी फिजिक्सचे मार्क विचारले नाहीत.

सुरुवात आईपासून झाली. आई बोईसरच्या बाजारात सुके बोंबील आणि सुकट विकते. तिथे एक दातांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. बाकीची गिऱ्हाईकं बोंबील नाकाला लावून, तोंड वाकडं करून, “मौसी, थोडा कम करो” म्हणत अर्धी सकाळ खायची. ह्या बाई भावच करायच्या नाहीत. सांगितले तेवढे पैसे द्यायच्या आणि वर “मावशी, बऱ्या आहात ना?” असं विचारायच्या. आईने एवढ्यावरून माझं आयुष्य ठरवून टाकलं.

“जी बाई बोंबलाचा भाव करत नाय, तिच्या धंद्यात बरकत हाय,” ती घरी येऊन म्हणाली. “हर्षे, तू दाताची डॉक्टर हो.”

बाबांनी लगेच पाठिंबा दिला, पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्यांची एक दाढ किडली होती. त्यांच्याइतका दर्यात बेडर माणूस आमच्या गावात नाही, पण दाढ काढायची म्हटली की नाखवा घामाघूम. दाढेखाली लवंग धरून ते दिवस काढत होते.

“परक्याच्या हातात तोंड कशाला देऊ? माझी पोर डॉक्टर झाली का तीच काढंल.”

“बाबा, तो कोर्स पाच वर्षांचा असतो.”

“असू दे. दाढ कुठं पळून चाललीय?”

आणि मला विचाराल तर मलाही व्हायचं होतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मला सगळी गंमतच होती. अजिबात नव्हती. मला पांढरा कोट हवा होता, दारावर पाटी हवी होती, आणि संध्याकाळी घरी येताना एसटीत शेजारच्या बाईने नाकाला पदर न लावता बसावं, एवढी माफक इच्छा होती.

अडचण एकच होती. सायन्स. बायोलॉजी त्यातल्या त्यात बरी गेली, कारण माशाचं पोट मी पाचवीपासून फाडतेय. (परीक्षेत मात्र झुरळ आलं. आमच्या घरात झुरळाला चप्पल मारतात, त्याची आकृती काढत नाहीत.) केमिस्ट्रीचं मला अजून नवल वाटतं. तारापूरच्या कारखान्यांवरून रोज कॉलेजला जाताना मी निम्मी केमिस्ट्री नाकाने शिकले होते, पण पेपरात वासावर एकही प्रश्न नव्हता. फिजिक्सबद्दल मी बोलत नाही. फिजिक्सचे सर कऱ्हाडकडचे, सज्जन माणूस. निकालाच्या दिवशी माझी गुणपत्रिका बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, “हर्षला, तू पास झालीस याचं तुझ्यापेक्षा मलाच जास्त आश्चर्य वाटतंय. प्रॅक्टिकलचे आभार मान.”

डेंटलला अर्ज करायला या तिन्ही विषयांचे मिळून ठरावीक टक्के लागतात. माझे कसेबसे भरले. मग ‘नीट’ची प्रवेश परीक्षा झाली, तिथेही तेच. पात्र ठरले, पण यादीत इतक्या खाली की माझं नाव शोधताना सायबर कॅफेवाल्याच्या बोटाला कळ लागली.

बाबा तेव्हा किनाऱ्यावर होते. जूनपासून मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात. त्या वर्षी त्यांनी नवी बोट बांधली होती आणि तिच्या बुडाला रंग देत होते.

“बाबा, मी पात्र ठरले. पण मार्क फार कमी आहेत. नंबर लागेलच असं नाही.”

“पास का नापास?”

“तसं पास, पण—”

“मंग झालं. हे बघ हर्षे, बोटीच्या तपासणीला सायेब येतो. इंजिन बघतो, जाकिटं बघतो, पास म्हणतो. पास झालेली बोट पाण्यात जाते. कमी पास, जास्त पास असं काय नसतं.”

मी त्यांना मेरिट लिस्ट समजावली. राऊंड समजावले. ब्रश खाली न ठेवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पालघरला जाऊन नव्या बोटीच्या नोंदणीत नाव घालून आले. आमच्याकडे बोटीला देवाचं नाव देतात, नाहीतर लेकीचं. बाबांनी लेकीचं दिलं, आणि माझा अजून कुठे नंबरही लागला नव्हता तरी पुढे ‘डॉ.’ लावून टाकलं.

पुढचा घोळ रघू पेंटरने घातला. नाव रंगवून झाल्यावर त्याने विचारलं, “कसली डॉक्टर, नाखवा?” बाबा म्हणाले, “दाताची.” नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे काढायची पद्धत आहे. रघूने डोळ्यांखाली दात काढले. चांगले भरगच्च, हसरे, वर-खाली दोन्ही ओळी. लांबून पाहिलं की बोट आता चावेल असं वाटायचं. शेजारचा लहान गणू रडत घरी पळाला. बाबांना मात्र ते दात फार आवडले.

नारळी पौर्णिमेला डॉक्टर हर्षला गुलाल-फुलं लावून पाण्यात उतरली आणि मी किनाऱ्यावर उभी राहून देवाकडे एक सीट मागितली. कुठलीही चालेल म्हटलं, गोंदियाची असली तरी.

गावाने तेवढा धीर धरला नाही. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या जनाकाकी बोंबील वाळत घालता घालता माझ्यासमोर तोंड उघडून उभ्या राहिल्या.

“जरा बघ गो, मागची दाढ हालते काय.”

“काकी, मी अजून कॉलेजात पण गेले नाय.”

“मंग आतापासून बघायला लागलीस तर शिकशील लवकर.”

मी बघितलं. हालत होती. मी “हालतेय” म्हटलं तर काकींनी सगळ्या आळीत सांगितलं की पोरीचं निदान बरोबर आलं. त्यानंतर दोन-तीन जण रोज येऊ लागले. मी प्रत्येकाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगायचे. समुद्र समोर होताच.

मग पहिली यादी लागली. बाबा दर्यात लांब गेले होते, फोन लागत नव्हता. त्यांनी निरोपाची सोय करून ठेवली होती. मधुकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, त्याची बोट किनाऱ्याजवळ असायची आणि त्याच्या फोनला रेंज यायची. मी काकाला कळवायचं, काकाने वायरलेसवरून बाबांना. वायरलेसवर माणसाला नावाने हाक मारत नाहीत, बोटीच्या नावाने मारतात. आणि एकाने हाक मारली की आजूबाजूच्या सगळ्या बोटी ऐकतात. हे मला माहीत होतं. पण तेव्हा लक्षात आलं नाही.

“डॉक्टर, डॉक्टर,” मधुकाका ओरडला, “ऐकतोस काय? पोरीचा नंबर नाय लागला.”

मग सातपाटीच्या एका बोटीवरून कोणीतरी काळजीने विचारलं, “कोण आजारी हाय? डॉक्टरला कशाला हाका मारता?”

“आजारी कोण नाय,” घिवलीकडचा एक आवाज म्हणाला. “डॉक्टरच नापास झालाय.”

बाबा परत येईपर्यंत सातपाटीपासून दांडीपर्यंत सगळ्या किनाऱ्याला ही बातमी माहीत झाली होती. टोपल्या घेऊन थांबलेल्या बायका माझ्याकडे, एखाद्याचं जाळं तुटून गेलं की बघतात तशा बघत होत्या. बाबा उतरले, मला बघून म्हणाले, “पहिल्या खेपेला जाळ्यात कचराच येतो. दुसरी बघू.”

दुसऱ्या यादीत नाव नव्हतं. तिसऱ्यातही नव्हतं. तोपर्यंत बाबांनी वायरलेसवर माझं नाव काढणं बंद केलं होतं. ते फक्त विचारायचे, “मधु, बाकी?” आणि काका म्हणायचा, “बाकी काय नाय.” पलीकडे सगळा दर्या गप्प असायचा. लोक टिंगल करत होते तेव्हा परवडलं होतं. ते गप्प बसायला लागले तेव्हा मला फार वाईट वाटलं.

शेवटी एका लांबच्या खासगी कॉलेजातून फोन आला. संस्थेच्या कोट्यातली जागा रिकामी होती. मार्क चालतील, म्हणाले. (फिजिक्सचे ऐकल्यावर फोनवरचा माणूस क्षणभर थांबला, पण म्हणाला, चालतील.) फी किती ते ऐकून आई खाली बसली.

बाबा म्हणाले, “बोट विकतो.”

“डॉक्टर विकून डॉक्टर करायची?” आई म्हणाली. “आणि पाच वर्षं खायचं काय? दाढा?”

पण बाबांनी दांडीच्या एका ओळखीच्या नाखव्याला बोलावलं. त्याने इंजिन चालू करून ऐकलं, फळ्या ठोकून बघितल्या, जाळं ओढायची यारी फिरवली. मग ओट्यावर चहाला बसला. मी दाराआड उभी होते आणि मनातल्या मनात कॉलेजच्या हॉस्टेलवर पोचले होते.

“बोट झ्याक हाय,” तो म्हणाला. “मला पसंत हाय. फक्त तेवढं नाव पुसून द्या. आणि ते दात.”

बाबांनी दाढेमुळे सुजलेला गाल हाताने दाबला.

“अवो, आमी देवीच्या नावाशिवाय बोट दर्यात घालत नाय. आणि ते दात बघून माझ्या बोटीवर खलाशी तरी चढतील काय?”

“दात पुसतो,” बाबा म्हणाले. “नाव पुसायचं नाय.”

“बोट माझी आणि नाव तुमच्या पोरीचं? असं कुठं असतं?”

मला राहवलं नाही, मी बाहेर आले. “बाबा, पुसा की. पैसे भरले तर मी खरीच डॉक्टर होईन. मग काय करायचंय बोटीवरचं नाव?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. सुजलेल्या गालाने बोलायला त्यांना त्रास होत होता.

“आणि नाय झालीस तर?” ते म्हणाले. “तितं बी फिजिक्स असंल. मंग बोट बी गेली, नाव बी गेलं. माझ्याकडं काय राहिलं?”

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मेरिट, राऊंड, प्रॅक्टिकलचे मार्क, सगळं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हीपैकी कशावरही बोलता येईना, कारण समोर परका माणूस बसला होता. त्याने चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि जाता जाता मला हळूच म्हणाला, “बाय, माझी बी एक दाढ ठणकते. बघतेस काय?”

मी गुळण्या सांगितल्या. बोट राहिली, सीट गेली.

त्यानंतर बरेच दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. बोंबील वाळवायच्या बांबूंमागे बसून रडायचे. तिथल्या वासात बसलं की डोळे कशाने लाल झाले हे कोणी विचारत नाही. शेवटी आईनेच बाजारात डॉक्टरीणबाईंकडे शब्द टाकला. (म्हणे बोंबील तोलता तोलताच विचारलं, आणि मूठभर जास्त घातले.) बाईंनी मला बोईसरच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. मी चिमटे-आरसे हातात देते, पेशंटच्या तोंडात नळी धरते, आणि शेवटी “चूळ भरा” म्हणते. कोट मिळाला. पांढरा नाही, फिका हिरवा.

बाबांची दाढ मात्र तिथेच होती. एक दिवस गाल एवढा सुजला की आईने त्यांना रिक्षात कोंबून दवाखान्यात आणलं. खुर्चीत बसले, पण तोंड उघडेनात.

“माझी पोर काढणार हाय,” ते दात आवळूनच म्हणाले.

बाई समजूतदार. म्हणाल्या, “हर्षलाच काढतेय, काका. मी नुसती बाजूला उभी आहे.” मी एका हाताने बाबांची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने नळी. दाढ बाईंनी काढली. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, माझा हिरवा कोट मुठीत धरून. बाहेर गेल्यावर तोंडात कापूस कोंबलेला असतानाही त्यांनी बाकावरच्या सगळ्या पेशंटना कळेल अशा खुणांनी सांगितलं की दाढ कोणी काढली. मी काही खुलासा केला नाही. बाईंनीही केला नाही.

या जूनमध्ये डॉक्टर हर्षला पुन्हा वर ओढली. बोट दर्यात राहिली की बुडाला कडक कवचं चिकटतात, ती पत्र्याने खरवडून काढावी लागतात, नाहीतर बोट जड होते. सुट्टीच्या दिवशी ते काम माझ्याकडे असतं. रघू पेंटर रंग कालवत उभा होता. मी त्याला म्हटलं, “आता तरी ते ‘डॉ.’ काढून टाक.” त्याने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, “फिकं झालंय. एक हात अजून मार.” दातांनाही एक हात मारला.

मी खरवडत राहिले. बूड स्वच्छ झालं, वरून बादलीभर पाणी ओतलं, आणि नेहमीच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, “चूळ भरा.”

मागे जनाकाकी उभ्या होत्या. त्यांनी बोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लगबगीने आळीकडे निघाल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या मुरब्यात झालं होतं की नाखव्याची पोर बोटीशी बोलते, फार शिकल्यामुळे तिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

फार शिकल्यामुळे. माझ्या मार्कांवर एवढा विश्वास आजवर कोणीच दाखवला नव्हता.