नेपाळला जाण्याआधीची दाढ

मंडळींनो, आज सकाळचंच सांगते.

आमच्या चर्चच्या दवाखान्यातून मी नर्स म्हणून पहिल्यांदाच नेपाळला निघाले आहे. तिथे डोंगरात दातांचा डॉक्टर नाही. "एक दाढ माझ्यासमोर काढ, मगच पाठवते," चांद्याहून आलेल्या दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

आमच्या सावली गावात माझ्याकडून दाढ काढून घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी आई येऊन खुर्चीत बसली. मी जाणार हे कळल्यापासून तिने अबोला धरला होता.

"माही काढ. बहुत दुखून राह्यली."

हिरडी बधिर केली आणि दाढ पकडीत धरली. पकड एकदा निसटली. आईने डोळे मिटले, पण हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या खेपेला दाढ मुळासकट आली.

कापसाचा बोळा दाबत ती म्हणाली, "तिकडं हळू काढजो. ते लोक काई तुही माय नाई, सोसाले."

याला होकार समजू का?