हुहानामावशीचं नाणं आणि माझा पंजा

आमच्या फांगारेई बंदरातल्या कारखान्यात हुहानामावशीला यंत्रंसुद्धा वचकून असतात. हसू नका, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही बोटींसाठी फळ्या करतो. मधे कडक फोम, दोन्ही अंगांना राळेत भिजवलेलं काचतंतूंचं कापड. वजनाला हलकी, पण वरून ट्रक नेला तरी वाकायची नाही. तयार फळी मावशी पन्नास सेंटांच्या एका जुन्या नाण्यानं वाजवत जाते. खणखणीत वाजली तर ठीक. भद्द वाजली तर आत थर सुटलेला.

त्या मंगळवारी बचावबोटीच्या तळाची फळी यंत्रानं दहा जागी तपासून पास केली होती. ती बोट मावशीचीच मुलगी मिरियामा चालवणार होती. मावशीनं नाणं काढलं.

मालक ब्रेट वैतागला. "मावशी, यंत्रानं पास केलीय ना? उगाच कीस काढू नकोस."

"यंत्राची लेक जाते का रे त्या लाटांत?"

तिला नीट ऐकू यावं म्हणून ब्रेटनं गुपचूप राळेचा घरघरणारा पंप बंद केला. टक, टक, टक. मला काही म्हणता काही फरक कळेना, पण ती थांबायची आणि खडूचा ठिपका द्यायची. शेवटी तिनं ठिपके जोडले. तळवा, अंगठा, चार बोटं!

कापल्यावर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला. खाली फोमवर राळ न धरलेला कोरा पंजा. आईशप्पथ, अंगावर काटा आला! बाई ऐकते की आरपार बघते?

"कुणाचा हा?" ब्रेट गरजला.

काचतंतूंनी हात खाजतात म्हणून मी मलम चोपडलं होतं, आणि तसाच, हातमोजे न घालता, फोम दाबून बसवला होता. मलम आणि राळ यांचं हाडवैर, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. गप्प राहिलो असतो तर नोकरी वाचली असती. पण समोर मिरियामाची आई उभी होती. मी हात त्या पंजावर ठेवला. तंतोतंत बसला.

"हेमी, गाढवा," मावशी म्हणाली. "हात धू आधी."

धुऊन आलो, तर तिनं ते नाणं माझ्या ओल्या तळहातावर ठेवलं.

"नवी फळी तू करायचीस, आणि वाजवायचीही तूच. मिरियामा त्याच फळीवर उभी राहणार आहे."