टाकीमागचं रान

आमच्या कॉलनीच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, वनखात्याचं रान आहे. राखीव म्हणून कधीकाळी त्याला तारेचं कुंपण होतं. तार कुणीतरी भंगारात घातली, खांब तेवढे उरले. पाटी नाही, पायवाट नाही. कडुनिंब, बाभळी, हिवर आणि बोरींची जाळी. निवृत्त झाल्यावर आमचे हे रोज सकाळी टोपी घालून तिथे जायचे आणि दोन तासांनी पायजम्याला कुसळं चिकटवून परतायचे. ती उपटत बसणं माझ्या वाट्याला.

"चल की एकदा," म्हणायचे. "बसायला झकास जागा सापडलीय. हिवराखाली मोठी शिळा आहे. मोर येतात."

"मोर कॅलेंडरवर आहे की," मी म्हणायची. चार वर्षं हेच चाललं. माणूस अबोल, दर वेळी एकदाच विचारणार, आग्रह करणार नाही. आणि एकदा विचारल्यावर हो म्हणणारी मी नव्हे.

गेल्या श्रावणात ते गेले. पुण्याची मुलगी महिनाभर राहून परतली आणि मग घर खायला उठलं. दिवाळीनंतर एका सकाळी कॅनव्हासचे बूट घातले आणि निघाले. ती शिळा शोधायची, एवढंच डोक्यात होतं. ज्याच्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला त्याची बसायची जागा मला ठाऊक नाही, हे मला सहन होत नव्हतं.

पहिल्या दिवशी शंभर पावलांतच दिशा हरवली. सगळ्या बाभळी सारख्याच. ओरखडे घेऊन कशीबशी बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी एक जुनी हिरवी सुती साडी फाडली आणि दर वीसेक पावलांवर फांदीला एकेक चिंधी बांधत गेले, परत येताना चुकायला नको म्हणून. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलाय, एवढी अक्कल होती. आठवडाभर रोज थोडी पुढे सरकत होते, पण शिळा काही सापडेना. तिथे इतकं एकटं वाटायचं की मी मोठ्याने त्यांच्यावरच चिडायची, "नीट खुणा सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" कुठंतरी होला घुमत राहायचा, बाकी सगळं शांत.

मग सर्दीतापाने चार दिवस घरी पडले. पाचव्या दिवशी जाऊन बघते तर चिंध्या वाढलेल्या! लाल, पिवळ्या, पोलक्याच्या तुकड्याच्या, काही अगदी माझ्यासारख्याच हिरव्या. एका बाभळीखाली शेंदूर फासलेला दगड, वर हळदकुंकू, शेजारी नारळाची करवंटी. कुणी थट्टा करतंय असं वाटून मी संतापले. चिंध्या बघत बघत चालत राहिले आणि पार भलतीकडेच निघाले.

तिथे माझ्याच वयाची एक शेळ्यांमागची बाई फांदीला चिंधी बांधत होती.

"तुमी बी नवसाला आला व्हय बाई?"

"कसला नवस?"

"हितं देवी परगटली की! हिरव्या चिंध्या बांधत आत गेलीया म्हनं. माजी लेक बाळंतपनाला आलीया, म्हनून म्या बी आले."

मला हसू फुटलं. ती देवी मीच, असं सांगणारही होते. पण तिने गाठ मारून डोळे मिटले, हात जोडले आणि माझी जीभ रेटेना. मी शिळेचं विचारलं. म्हटलं, तिथे एक टोपीवाले गृहस्थ बसायचे.

"टोपीवालं बाबा? व्हय की! लई बोलायचं. त्येंच्या बोलन्यात माजी शेरडं कुटल्या कुटं जायची."

लई बोलायचे. घरी आम्ही जेवताना आमटीत मीठ किती एवढंच बोलायचो.

तिने मला चार झाडं ओलांडून शिळेपाशी नेलं. मागे टाकी स्पष्ट दिसत होती. आठवडाभर मी त्या जागेभोवतीच घिरट्या घालत होते. शिळा साधी, काळी, दोघांना पुरेल एवढी.

बाई मला निरखत होती. "तुमी त्येंच्या मालकीन न्हवं? म्या रोज इचारायची, एकलंच का येता, बाईस्नी आना की. तर म्हनायचं, तिला लई यायचंय, पर गुडघं धरल्यात. बरं वाटलं की आनतो." मग हसून म्हणाली, "आता बरं हाय व्हय गुडघं?"

माझ्या गुडघ्यांना आजवर कधी काही झालेलं नाही.

"व्हय," मी म्हणाले. "आता बरे आहेत."

"मग बाबास्नी का न्हाय आनलं? लई दिस झालं, दिसलं न्हाईत. उद्या दोगं मिळून या की."

शेळ्या पुढे गेल्या होत्या, तिला घाई होती.

"येऊ," मी म्हणाले.